उठा, प्रार्थना अर्धीच झाली आहे

भिवापूरला फाल्गुनात उजाडतं ते ठसक्याने. ऊन वर यायच्या आधीच सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, राशी पसरलेल्या असतात आणि वाऱ्याची झुळूक फिरली की अख्खी गल्ली खोकते. तोंडाला दुपट्टा बांधलेल्या बाया डबा घेऊन येतात, राशीभोवती बसतात आणि एकेका मिरचीचा देठ खुडू लागतात. पैसे किलोवर. जितकं खुडाल तितकी रोजी. संध्याकाळपर्यंत बोटांची नुसती आग होते; घरी जाऊन कुणी खोबरेल चोळतं, कुणी ताकात हात बुडवून बसतं. त्याच हातांनी स्वयंपाक, त्याच हातांनी लेकराचं तोंड पुसणं, आणि चुकून बोट डोळ्याला लागलं की रात्र गेलीच. आमच्या मिरचीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, भिवापुरीचं नाव कागदोपत्री पक्कं झालं. बोटांची आग होती तेवढीच आहे.

मी निवृत्त शिक्षक. ख्रिस्ती. प्रभू येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मला बोलता येऊ लागलं तेव्हापासून पाठ आहे आणि तिच्यातली भाकरीची मागणी मी पन्नासहून अधिक वर्षं डोळे मिटून म्हणत आलो. तिचा अर्थ मला कळला तो देवळात नव्हे, या गल्लीत. पहाटे फिरायला निघालो होतो. शेजारची एक बाई सातऱ्याकडे निघाली होती. आदल्या रात्री तिच्या अंगात ताप होता हे मला ठाऊक होतं. म्हटलं, ‘बाई, आज तरी घरी राहायचं होतं.’ ती चालता चालता म्हणाली, ‘आज गेली तं आज चूल पेटन, गुरुजी.’ आणि गेली. या बाईचं पुढे पुन्हा येणार आहे.

ज्याच्या खात्यात दर महिन्याला न चुकता पेन्शन पडतं त्याने आजची भाकर आज मागायची, यात थोडं नाटक असतं. मी ते नाटक केलं आहे, म्हणून सांगतो. प्रभूने मागायला शिकवलं ते आजच्यापुरतं. वर्षाची बेगमी नाही, बँकेतली ठेव नाही. आज. निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोक रानात भुकेले झाले तेव्हा त्यांना मान्ना मिळाला, तोही दिवसाच्या मापाने. शब्बाथाचा अपवाद सोडला तर दुसऱ्या दिवसासाठी ज्यांनी लपवून ठेवला त्यांच्या भांड्यात सकाळी किडे पडले. ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेत मुलांना रंगवून सांगतो आणि घरी येऊन स्वतः साठ्याच्या भरवशावर झोपतो.

पण आज मला भाकरीविषयी फार बोलायचं नाही. भाकरीच्या नंतर त्या प्रार्थनेत काय येतं, तिकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात भाकरीला लागूनच ऋण येतं. आपली ऋणं माफ व्हावीत, जशी आपण इतरांची केली. आणि ऋणानंतर येतं वाईट, त्याच्या तावडीतून सुटका व्हावी ही विनवणी. भाकर, ऋण, वाईट. कोणी विदर्भातल्या कास्तकाराच्या घरात बसून ही प्रार्थना रचली असती तरी क्रम हाच राहिला असता. जिथे भाकर तुटते तिथे ऋण शिरतं, आणि ऋणाच्या मागोमाग दारातून काय काय आत येतं ते या तालुक्यात राहणाऱ्याला शिकवायला नको.

आपण मात्र भाकरीपाशी थांबलो. पुढचं तोंडाने म्हणतो, हाताने करत नाही. प्रार्थना अर्धीच झाली आहे, भावांनो आणि बहिणींनो, आणि उरलेली अर्धी म्हणायला उठावं लागेल.

हे मी नागपूर, उमरेड, भिवापूर, नागभीड या वाटेवरच्या माझ्या ख्रिस्ती माणसांना उद्देशून लिहितो आहे. आपण थोडे. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती १०.८ लाख, म्हणजे शंभरात एकही पुरता भरत नाही. आणि त्यातले बरेचसे मुंबई, वसई, पुणे, तेव्हाच्या अहमदनगरकडे. तालुक्याच्या गावी आपली ओळख ‘ते रविवारवाले’ एवढीच. थोडं असण्याची एक सवय लागते. माणूस दबून राहतो, कुणाच्या अध्यातमध्यात नको म्हणतो, आणि त्या गप्प बसण्याला नम्रता असं गोंडस नाव देतो. गेथशेमाने बागेत शिष्य थोडेच होते, दमलेले होते आणि झोपले होते. प्रभूने त्यांना जागं राहायला सांगितलं होतं. शत्रू मशाली घेऊन येत असताना त्याने येऊन त्यांना उठवलं. त्याने त्यांच्या झोपेला नम्रता म्हटल्याचं शुभवर्तमानात कुठे नाही.

वाईट दिसतं कसं, हे आधी नीट पाहू. पेत्राने आपल्या पत्रात सैतानाला भक्ष्य शोधत फिरणाऱ्या, गर्जना करणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. पेत्राच्या मुलखाला ती शोभत असेल. आमच्याकडे उमरेड-करहांडल्याचं अभयारण्य आहे, वाघाचा शेजार आहे. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या कुणालाही विचारा. शिकारीला निघालेला वाघ डरकाळी फोडत नाही. वाळलेल्या पानावर पाय पडला तरी तो आवाज होऊ देत नाही. गावात वाईट येतं ते असंच. शिंगं नसतात त्याला. मधाळ बोलणं असतं, स्टँपपेपर असतो, एखाद्या बाईकडे बोट दाखवून हळूच केलेली कुजबूज असते.

कुजबुजीचंच घ्या. कुणाचं मूल आजारी पडतं, कुणाची म्हैस आटते, मिरचीवर बोकड्या येऊन पानं आकसतात. बोकड्याचं कारण पांढऱ्या माशीत आणि फुलकिड्यात आहे हे कृषी सहायक सांगून जातो, पण रात्री ओट्यावर दुसरंच कारण चघळलं जातं: अमकीची नजर वाईट, तमकीने करणी केली. ती अमकी बहुधा एकटी असते, म्हातारी असते, विधवा असते, नावावर एकरभर वावर असलेली असते. भुताखेतांच्या या बाजारात आपण ख्रिस्ती माणसं नाही असं छाती ठोकून म्हणता येईल का? गंडा-दोरा आपण सोडला, पण त्याच्या जागी तेलाची बाटली आणली. मोठ्या मांडवात, मोठ्या भोंग्यावर आजाऱ्याला औषध फेकून द्यायला सांगणारा कुणी बाहेरून येतो, आणि आपल्यातले सुशिक्षित हात वर करून ‘हालेलुया’ म्हणतात. मीही एकदा तसल्या मांडवात बसलो होतो. एका मुलाला कुत्रा चावला होता. इंजेक्शनाचं बोला, असं मी त्याच्या बापाला सांगायला हवं होतं. आजूबाजूचे काय म्हणतील म्हणून बोललो नाही. मुलगा वाचला, कारण त्याच्या आजीने मंडपात न बसता त्याला सरळ दवाखान्यात नेलं. आजी कोणत्या धर्माची हे मला माहीत नाही.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करत बसणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, डांबणं हाही. कायद्यात धर्माचं नाव नाही, आणि ते बरंच आहे. प्रभूला रानात मोह पडला तेव्हा सैतानाने त्याला मंदिराच्या कळसावरून उडी मारायला सांगितलं होतं, देवदूत झेलतील म्हणून. येशूने उडी मारली नाही. देवावर भरवसा असणं आणि देवाची परीक्षा पाहणं यांतला फरक त्याने तिथेच दाखवला. विषावर औषध असताना ते फेकून देणं ही कळसावरची उडी आहे. लूकचं शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, हे या मांडववाल्यांनी कधी वाचलं नसावं. आणि ज्या नागपूरला आपण उठसूट जातो तिथे स्कॉटिश मिशनने १८९६ साली बायकांसाठी मूर मेमोरियल इस्पितळ काढलं ते प्रार्थनेवर विश्वास कमी पडला म्हणून नव्हे.

दारूबद्दल थोडक्यात. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ पासून २०२१ पर्यंत बंदी होती आणि हद्दीलगतच्या गावांनी त्या सहा वर्षांत काय काय वाहताना पाहिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या मंडळीतलीही काही घरं त्या पैशावर शाकारली गेली. नावं घेत नाही. ज्यांची आहेत त्यांना कळेल.

आता भरवशाकडे येतो, कारण सगळं घोडं तिथे अडलं आहे. येशूवर रोजचा भरवसा ठेवणं म्हणजे काय? बहुतेकांच्या मनात त्याचं एक विम्यासारखं रूप बसलं आहे: आपण प्रार्थनेचे हप्ते भरायचे, त्याने आपलं काही वाईट होऊ द्यायचं नाही. मग अपघात होतो, मूल जातं, वावर बुडतं, आणि माणूस देवाच्या कार्यालयात दावा घेऊन उभा राहतो. आपल्याच मातीतल्या माणसांकडे बघा जरा.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आला. मराठी शिकला, शाळा काढली, गोंडांची गाणी आणि बोली उतरवून घेतल्या, दगडांतले जीवाश्म गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ ला, वयाची शेहेचाळीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, टाकळघाटजवळ पावसाने फुगलेल्या बोरी नदीत तो बुडाला. दिवसभर जुनी शिलावर्तुळं पाहण्यात गेला होता, आणि रात्री तो मुक्कामाकडे परतत होता. रोज प्रार्थना करणारा माणूस होता. नदीने विचारलं नाही. त्याच्या नावाचं कॉलेज नागपुरात आजही उभं आहे आणि आपली कित्येक मुलं, ख्रिस्ती असोत वा नसोत, तिथून शिकून बाहेर पडली.

पंडिता रमाबाईंचं तर आयुष्यच घ्या. लहानपणी दुष्काळात आई, बाप आणि थोरली बहीण गेली. उपाशीपोटी, पायी त्या भावाबरोबर देशभर फिरल्या. पुढे भाऊ गेला, नवरा गेला. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, आणि नंतर देवाने काही भरपाई दिली असं म्हणावं तर १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई स्वतः गेल्या. शेवटपर्यंत हातात बायबलच्या भाषांतराची मुद्रितं होती. साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, एका बाईने केलेलं भाषांतर. विमा म्हणून पाहिलं तर हा सगळा आतबट्ट्याचा व्यवहार.

पण याच बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात काय केलं ते पाहा, म्हणजे भरवसा कशाला म्हणतात ते दिसेल. त्या वेळी आपला नागपूरकडचा मुलूख मध्य प्रांतात होता. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत असल्याच्या बातम्या केडगाव-पुण्याकडे पोचल्या. रमाबाई अडतिशीच्या होत्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांच्या पोटाला माहीत होतं आणि त्यांच्याजवळ सरकारी पद नव्हतं, फौज नव्हती, साठवलेला पैसाही फार नव्हता. त्या निघाल्या. मदतछावण्यांभोवती घिरट्या घालणारे दलाल त्यांनी पाहिले, भुकेल्या मुलींना भाकरीचा तुकडा दाखवून पळवून नेणारे. मुली गोळा करून रमाबाई आपल्या आश्रमात घेऊन आल्या, शेकडो मुली. आधी त्यांच्या पोटाची आग विझवली, मग त्यांना अक्षर शिकवलं, विणकाम शिकवलं, छपाई शिकवली. उद्याच्या पिठाची सोय झाली की मग निघू, असं त्या म्हणाल्या असत्या तर दलालांचं फावलं असतं. आजची भाकर आज मागणारी बाईच आज निघू शकते, हे मला त्यांच्याकडून कळलं. साठ्यावर भरवसा असलेला माणूस साठा पुरेल का याचा हिशोब करत बसतो आणि हिशोब कधी जुळत नाही.

लगेच दुसरं. १८९७ साली पुण्यात प्लेग. सरकारी छावण्यांत आणि इस्पितळात बायकांची जी हेळसांड चालली होती ती रमाबाईंनी वर्तमानपत्रात लिहिली. तेव्हाचे राज्यकर्ते ख्रिस्ती, रमाबाई ख्रिस्ती, आश्रमाला मदत विलायत-अमेरिकेतून येणारी. गप्प बसायला याहून मोठं कारण ते काय हवं? गव्हर्नर चिडले, प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटापर्यंत गेलं. बाई मागे हटली नाही. आपण आज गप्प बसतो तेव्हा आपल्याकडे यातलं अर्धंही कारण नसतं. सरपंच नाराज होईल, एवढंच.

याच नागपूरहून १८९३ साली रेवरंड टिळक, तेव्हाचे नारायण वामन टिळक, राजनांदगावच्या गाडीत बसले होते. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने बोलता बोलता नवा करार हातात दिला. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या गोष्टीतला तो सहप्रवासी मला फार आवडतो. तो कोण होता हे टिळकांनाही नीट कळलं नाही. त्याने सभा घेतली नाही, भोंगा लावला नाही. एक पुस्तक दिलं आणि उतरून गेला. (आमच्याकडची छोटी गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात रूळ बदलायला म्हणून बंद झाली. ती असती तर तिच्यात अशा किती भेटी झाल्या असत्या, हा माझा आपला एक चाळा.) टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र त्या वाटेवर यायला पाच वर्षं लागली, आणि सोवळ्या-ओवळ्याची एकेक गाठ त्यांनी आपल्या हाताने, आपल्या वेगाने सोडवली. कुणी घाई केली नाही म्हणून ती गाठ पक्की सुटली.

आणखी एक तारीख, मग मूळ मुद्दा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. सहा परंपरांच्या लोकांनी आपापले हट्ट बाजूला ठेवले. तिथून सत्तरेक किलोमीटरवर आपण. आपल्याकडे सहा घरं असली तर त्यांची तीन टोळकी होतात आणि नाताळचा केक तीन ठिकाणी कापला जातो. वाईटाला आपल्याशी लढायची गरजच पडत नाही.

तर ऋण.

मत्तयात प्रार्थना शिकवून झाल्यावर प्रभू तिच्यातल्या एकाच मागणीकडे परत वळतो. भाकरीवर तो अधिक बोलत नाही, वाईटावरही नाही. माफ करण्यावर बोलतो: तुम्ही सोडाल तर तुम्हाला सुटेल. शिक्षकाला कळतं, ज्या धड्यावर गुरुजी पुन्हा येतात त्यावर प्रश्न हमखास येतो.

आमच्या गल्लीत हप्त्याचा एक ठरलेला दिवस असतो. ओट्यावर वसुलीचा साहेब बसतो, दहा बायांच्या गटातल्या नऊ जणी पैसे मोजून देतात. दहावी आली नाही की साहेब शांत बसून राहतो, मोबाइल बघत. त्याला आवाज चढवावा लागत नाही. गटाचं कर्ज सगळ्यांच्या माथी असतं, म्हणून नऊ जणीच दहावीच्या दारात जातात आणि काल जिच्या पोरीला तेल लावून दिलं तिलाच आज नको नको ते बोलतात. डरकाळी न फोडणारा वाघ म्हणालो तो हा. या गटात आपल्या मंडळीतल्या बहिणीही आहेत, दहाव्याही आणि नवांतल्याही. रविवारी त्या एकाच बाकावर बसून ऋणमाफीची ओळ म्हणतात. दोष त्यांचा नाही. ती ओळ खरी करायची जबाबदारी ज्यांच्याकडे चार पैसे जास्त आहेत त्यांची होती. आपण दानपेटीत दहाची नोट टाकून मोकळे झालो.

म्हणून माझी हाक अशी आहे. प्रत्येक मंडळीने, मग ती चार घरांची का असेना, एक वही घालावी. भजनाची आहे तिच्या शेजारी ही दुसरी ठेवावी. उपासना झाली की दार ओढून घ्यावं, चहा ठेवावा आणि विचारावं: या आठवड्यात कुणाच्या दारात कोण उभं राहणार आहे? हप्ता कितीचा, कमी कितीचा पडतो? जमलेल्यांनी तिथल्या तिथे भरावा. कुणाकडे बोट दाखवून करणीची कुजबूज चालली आहे का? असेल तर त्याच संध्याकाळी दोघांनी तिच्या घरी जाऊन चहा घ्यावा, ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असा. तिला पोलीस पाटलाकडे, ठाण्यात जायचं असेल तर सोबत जावं. कुणी औषध बंद करायला सांगतो आहे का? त्याला सांगावं, तुमची प्रार्थना आम्हाला हवी, गोळ्याही चालू राहतील. ती बाई आपल्या मंडळीतली असो, बौद्ध असो, मुसलमान असो, कुणबी असो, वहीत धर्माचा रकाना काढू नये. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर पडलेल्या माणसाची गोष्ट आपल्याला सांगितली गेली तेव्हा त्याची जात सांगितली नव्हती. थांबला त्याची सांगितली होती, आणि तो परका होता.

वही रोज उघडायची, कारण वाईट रोज येतं. रविवारी एकदा भरून घेतलेली ताकद गुरुवारपर्यंत पुरत नाही, हा माझा अनुभव. मान्ना शिळा होतो. रोज सकाळी तोच प्रश्न: प्रभू, आज कुणाच्या ओट्यावर? उत्तर बहुधा गल्लीतच असतं आणि बहुधा आपल्याला नको असलेल्या घरी असतं.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, सांगणं सोपं आहे. बरोबर आहे. आता त्या बाईचं.

दोन वर्षांमागे तिचा नवरा दवाखान्यात होता आणि तिला २० हजार रुपये हवे होते. ते मी दिले. शेकडा तीन, महिन्याला. म्हणजे दर महिन्याला ६०० रुपये, मुद्दल तसंच. गावात हाच भाव आहे, असं मी स्वतःला सांगितलं; उलट काही लोक पाच घेतात, म्हणजे मी तसा दयाळूच. सावकारीला परवाना लागतो, हे नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. ती दर महिन्याला यायची, पदराच्या गाठीतून नोटा काढायची, त्या नोटांना मिरचीचा वास असायचा, आणि मी शिंकत शिंकत मोजायचो. त्या पहाटे ताप अंगात घेऊन ती कुणाच्या चुलीसाठी निघाली होती याचा हिशोब मी घरी येऊन केला. तिच्या चुलीचा वाटा होताच. माझाही होता.

तेव्हापासून ती प्रार्थना माझ्या घशाखाली उतरेना. भाकरीपर्यंत येऊन अडायची.

मागच्या महिन्यात ती ६०० रुपये घेऊन आली तेव्हा मी वही काढून ठेवली होती. २३ महिन्यांचे १३ हजार ८०० आले होते. म्हटलं, हे सगळे मुद्दलात धरले. उरले ६ हजार २००, ते सोडले. आता काही देणं नाही. ती उभीच राहिली. मला वाटलं रडेल, किंवा पाया पडेल, आणि मी मनातल्या मनात ‘अहो, हे काय’ म्हणायची तयारीही करून ठेवली होती.

तिने गाठ पुन्हा बांधली, माझ्या हातातल्या पेनाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, ‘लिहून द्या, गुरुजी. उद्या तुमचं मन पालटलं तं?’

मी लिहून दिलं. तारीख घातली, सही केली. तिने तो कागद वाचून घेतला, एका जागी आकड्याखाली अक्षरात रक्कम लिहायला लावली आणि घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. मग सातऱ्यावर गेली. उशीर झाला होता.